गडग्याबाहेरून पास केलेलं कलम

"कुठून बसलास?"

त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी त्यांच्या अंगणात उभा होतो, एका हातात पत्र्याची ट्रंक, काखेत वळकटी. रत्नागिरीला कॉलेजात नाव घातलं होतं आणि या घराच्या पडवीत आडभिंत घालून केलेली एक खोली विद्यार्थ्याला मिळते, एवढंच मला आमच्या शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं होतं.

मी म्हटलं, "हातखंब्याला."

खरं तर हातखंब्याला मी गाडी बदलली होती. आमची वाडी देवरूखच्याही आत, डोंगरात. तिथं एस.टी. येत नव्हती, उतरल्यावर चालावं लागे. हातखंबा सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तोंडात ते नाव आलं.

त्यांनी माझ्या चपलांकडं पाहिलं. चपलांना आमच्या पऱ्ह्यातली, ओढ्यातली तांबडी माती होती, वाळून पापुद्रे निघालेली.

"हातखंब्याला गाडी बदललीस," ते म्हणाले. "बसलास कुठून, ते विचारलं मी."

मग मी वाडीचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, खिशात हात घातला आणि खिशातून 'कट्' असा आवाज आला. तो कशाचा, हे मला तेव्हा कळलं नाही. खोली मला मिळाली.

ते एस.टी.तून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते. पाखाडीतले सगळे लोक त्यांना चेकर म्हणत, मुलं चेकरकाका म्हणत. मीही काका म्हणू लागलो. आमची पाखाडी म्हणजे बंदराकडे उतरत जाणारी चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट. दोन्ही अंगांना घरं, घरांपुढं अंगणं, आणि अंगणांभोवती दगडांवर दगड रचून केलेले कमरेएवढे गडगे. प्रत्येक अंगणात दोन-चार झाडं असायचीच. आंबा, पेरू, लिंबू, चाफा, शेवगा, कुणाकडे चिकू. या सगळ्या झाडांची तपासणी निवृत्तीनंतर काकांनी आपणहून अंगावर घेतली होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुष्कळांनी तर नको म्हणून सांगितलं होतं.

दुपारचा चहा झाला की ते खाकी अर्धी विजार चढवत. कमरेला दोरीनं लाकडी आकडी बांधत, आकडीत मागच्या बाजूला कोयती अडकवत, डोक्याला पंचा गुंडाळत आणि पाखाडीच्या वरच्या टोकापासून सुरुवात करत. अंगणात शिरताना ते "आहे का कुणी?" असं विचारत, पण उत्तराला थांबत नसत. बसमध्ये चढतानाही त्यांनी कधी कुणाची परवानगी घेतली नसेल.

त्यांचा राग असे तो एका विशिष्ट प्रकारच्या फांदीवर. झाडाला फुटवे येतात, त्यातले काही फार जोरात येतात. सरळसोट, गुळगुळीत, लांब लांब पेरांचे, मोठ्या पानांचे. बाकीच्या फांद्या वर्षभरात वीतभर वाढतात तेवढ्यात हे माणसाच्या उंचीचे होतात. त्यांना फूल नाही, फळ नाही. झाडाच्या मुळांनी ओढलेलं पाणी मात्र ते एकटे पितात. बघणाऱ्याला वाटतं, काय झाड सुधारलंय. काका अशा फांदीला बिनतिकीट म्हणत.

"बघ कसा ऐटीत उभा आहे," ते मला दाखवत. "बिनतिकीट माणूस नेहमी ऐटीत असतो. तिकीटवाला बिचारा अंग चोरून बसलेला असतो."

आणि मग त्या फांदीला विचारत, "कुठून बसलास?" प्रश्न खराच असे. ते फांदीचा बुंधा बोटांनी चाचपत खाली जात, ती नेमकी कुठून फुटलीये ते बघत, आणि तिथं अगदी सालीलगत कोयती लावत. खुंट ठेवून कापलेली फांदी त्यांना चालत नसे. त्यांचं म्हणणं, असा माणूस पुढच्या थांब्यावर चार भाऊ घेऊन चढतो. आणि तसं होतंही, अर्धवट तोडलेल्या खुंटातून पुढच्या पावसात झुबका फुटतो.

झाड तपासून झालं की त्यांची शेवटची क्रिया. खिशातून तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच काढायचा, हाताशी येईल ते एक पान धरायचं आणि 'कट्' करून त्याला भोक पाडायचं. झाड पास. तो पंच स्प्रिंग ढिली झाली म्हणून डेपोतून बाद झाला होता आणि निरोपाच्या वेळी सोबत्यांनी तोच त्यांना हारासोबत दिला होता. आमच्या पाखाडीत चाफ्याच्या, पेरूच्या, कढीलिंबाच्या पानांना वाटोळी भोकं असत. नवीन पाहुण्याला वाटे, कीड आहे.

काकू या सगळ्याला कंटाळल्या होत्या की त्यांना त्याचं कौतुक होतं, हे मला कधीच नीट कळलं नाही. काका कोयती घेऊन निघाले की त्या माजघरातून म्हणत, "निघाली गो गाडी. आज कुणाचं भांडण घेऊन येणार आहेत कोण जाणे." भांडणं येतच असत. समोरच्या घरात कचेरीतून निवृत्त झालेले एक हेडक्लार्क होते. त्यांच्या लिंबावर काट्याकाट्यांचे उंच फुटवे आले होते आणि त्यांना त्या उंचीचा अभिमान होता. ते जेवून आडवे झाले असताना काकांनी सगळे फुटवे उतरवून ठेवले. संध्याकाळी हेडक्लार्क आमच्या पायरीवर येऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "चेकरसाहेब, माझं लिंबू बोडकं झालंय."

काका म्हणाले, "पुढच्या वर्षी पाटी भरून लिंबं देईल."

पुढच्या वर्षी त्या झाडाला एकही लिंबू आलं नाही. का ते काकांनाही सांगता येईना. मग रोज सकाळी दूध घ्यायला निघालेले हेडक्लार्क आमच्या दारापाशी थांबायचे आणि आत वळून म्हणायचे, "साहेब, पाटी घेऊन येऊ का?" काका पेपरमागे तोंड लपवायचे. काकू हसू दाबत चुलीकडं वळायच्या. हे वर्षभर चाललं. पण काकांनी त्याबद्दल त्या माणसाचा राग धरलेला मी पाहिला नाही.

माझी त्यांची गट्टी कशी जमली, सांगता येत नाही. मी बोलायला संकोची. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. वर्गात प्राध्यापक इंग्रजीत काही विचारत तेव्हा मला उत्तर येत असलं तरी माझा हात वर जात नसे. मागच्या बाकावर बसायचं आणि लवकर खोलीवर यायचं, असा माझा क्रम. खोलीवर आलो की काका हटकत. अभ्यासाचं कधी विचारत नसत. आज वाटेत कुठलं झाड बघितलं, ते विचारत. मी सांगू लागलो. मग नीट बघू लागलो. आमच्याकडे डोंगरात भात, नाचणी, रानातली झाडं. कलमांचं मला काहीच माहीत नव्हतं.

कलमाचं त्यांनी मला एका शेजारच्या रोपावर दाखवलं होतं. खाली कोयीतून उगवलेलं रायवळ आंब्याचं रोप, त्याच्यावर हापूसची काडी बांधून जोडलेली. जोडापाशी बारीकशी गाठ दिसते. गाठीच्या वर जे येईल ते हापूस, गाठीच्या खालून जे फुटेल ते रायवळ. मूळ रायवळचं असल्यामुळं खालचा फुटवा नेहमी वरच्यापेक्षा जोरात येतो. तो वेळेवर काढला नाही तर सगळं पाणी त्यालाच मिळतं आणि वरचं कलम सुकून जातं. माणसाला वाटतं आपला हापूस वाढतोय आणि वाढत असतो रायवळ.

"म्हणून तर विचारायचं, कुठून बसलास," काका म्हणाले. "तोंडाकडं बघून कळत नाही. बुंध्याशी वाकावं लागतं."

हे त्यांचंच वाक्य. पुढं जे झालं त्यामुळं ते माझ्या लक्षात राहिलं.

पाखाडीच्या खालच्या टोकाला, बंदराच्या अंगाला, खालांचं घर होतं. खाला म्हणजे मावशी, पाखाडीतली मुलं त्यांना तशीच हाक मारत. त्यांचे यजमान मचव्यावर, मासेमारीच्या मोठ्या होडीवर, तांडेल म्हणजे मुख्य खलाशी होते. ते गेल्यावर घरात खाला आणि त्यांचा एकुलता मुलगा. मी रत्नागिरीला येण्याच्या काही वर्षं आधी तो मुलगा दुबईला कामाला गेला होता. जाण्याआधी, पावसाच्या तोंडावर, त्यानं अंगणातल्या कातळात पहार घालून खड्डा केला, वाडीवरून टोपल्यातनं माती आणली आणि हापूसचं एक कलम लावलं. लावून झाल्यावर आईला म्हणाला, "अम्मा, याला आंबा लागेल ना, तेव्हा मी कायमचा घरी येईन."

तो हसत म्हणाला असेल, निघतानाचं बोलणं. खालांनी ते धरून ठेवलं. त्या दर्यावरच्या घरातल्या. वारा, भरती, माशांची ये-जा याचं त्यांना सगळं कळे, कलमाचं काही माहीत नव्हतं. तरी त्यांनी ते झाड जिवापाड जपलं. उन्हाळ्यात मासे धुतलेलं पाणी घातलं. शेळ्या येऊ नयेत म्हणून काट्या लावल्या. वाऱ्यानं वाकू नये म्हणून बांबू रोवून बांधलं, आणि दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा. झाड असं उसळलं की पडवीच्या कौलांना टेकलं. मुलानं दिलेल्या टेपरेकॉर्डरवर त्या त्याच्यासाठी कॅसेट भरत आणि दुबईला जाणाऱ्या कुणाच्या हाती पाठवत. टेप गुंतली की मला बोलावत, मी पेन्सिल घालून ती गुंडाळून देई. त्यामुळं मला माहीत होतं की त्या कॅसेटमध्ये दर वेळी झाडाची उंची असे. कमरेएवढं झालं. माझ्या डोक्याच्या वर गेलं. कौलाला लागलं.

काका पाखाडीतल्या सगळ्या अंगणांत न विचारता शिरत, पण खालांच्या अंगणात नाही. तांडेल असताना जात असत, शेवगा छाटत, त्यांच्याशी गप्पा मारत. आता बाई एकटी, म्हणून ते गडग्यापाशी थांबत आणि बाहेरूनच विचारपूस करत. एक दिवस खालांनीच विचारलं, "चेकरभाऊ, कलम कसं आहे सांगा ना."

काकांनी गडग्यावरून शेंड्याकडं पाहिलं. बुंधा गवतात बुडालेला, दिसत होता तो वरचा भागच. हिरवागार, माजलेला. "फर्स्ट क्लास आहे, भाभी," ते म्हणाले. "काळजी नको." आणि गडग्यावर ओणवून हाताला लागलं ते एक पान धरून कट् केलं.

त्या आठवड्यातल्या कॅसेटमध्ये खालांनी सांगितलं की आता तर चेकरभाऊंनीही पास केलं.

पुढच्या दसऱ्याची गोष्ट. दारावर तोरण लावायला आंब्याची पानं हवी होती. आमच्या आंब्याच्या हाताशी येणाऱ्या फांदीला दोन-चारच पानं, म्हणून काकू खालांकडं गेल्या. खालांनी आनंदानं आपल्या कलमाचा एक टहाळा काढून दिला. म्हणाल्या, "माझ्या लेकाच्या झाडाची पानं तुमच्या दाराला लागू देत, वहिनी." सकाळी काका पडवीत बसून सुतळीत झेंडू आणि पानं ओवत होते आणि मी त्यांना पानं देत होतो. एका पानाचा देठ ओवताना चुरगळला. त्यांनी सवयीनं बोटं नाकाशी नेली.

आणि ते थांबले.

दुसरं पान घेतलं, मुद्दाम चुरगळलं, हुंगलं. मग उठून आमच्या मागल्या दारच्या हापूसचं खालच्या फांदीचं एक कोवळं पान घेऊन आले, ते चुरगळलं आणि दोन्ही हात माझ्यापुढं केले. हापूसच्या पानाला कैरीसारखा मंद वास येत होता. दुसऱ्याला उग्र, चिकासारखा. मला एवढं कळलं की दोन वास वेगळे आहेत. काकांना सगळंच कळलं होतं.

तोरण त्यांनी पुरं केलं आणि लावलंही. पण त्या दिवशी ते फेरीला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी खाली खालांच्या गडग्यापर्यंत गेले आणि परत आले. असं काही दिवस चाललं. आल्यावर पडवीत बसत आणि खिशातल्या खिशात पंच वाजवत. जेवणाकडं लक्ष नसे.

शेवटी काकूंनी विचारलं, "जगाची झाडं न विचारता तोडता, मग तिथंच काय अडलंय? पाय मोडलाय?"

"तो रायवळ आहे, तोडला तर कलम वाचलं तर वाचेल," काका म्हणाले. "नाही तोडला तर कलम यंदाच्या उन्हाळ्यात जाणार. एवढं समजतं मला."

"मग?"

काकांनी पंच खिशातून काढून समोर ठेवला. मग म्हणाले, "त्या माउलीनं मुलाच्या येण्याचा हिशेब त्या उंचीवर धरलाय. ते तोडायचं म्हणजे पोराचं येणं मी मागं ढकलायचं. आणि तेही मीच पास केल्यावर. तीस वर्षं मी असली तपासणी कधी केली नव्हती. बाहेरून खिडक्या बघून गाडी सोडली."

काकूंनी हातातलं काम ठेवलं. "उद्या मी येते बरोबर," त्या म्हणाल्या. "आणि हाही येईल."

आम्ही तिघे गेलो तेव्हा खाला कॅसेट भरायला बसल्या होत्या, पडवीत, झाडाच्या सावलीत. तांडेल गेल्यापासून काका पहिल्यांदाच गडग्याच्या आत आले. त्यांनी पायरीशी चपला काढल्या, खरं तर अंगणातच जायचं होतं. मग सरळ झाडापाशी गेले, गुडघे टेकले, बुंध्यापाशी वाढलेलं गवत आणि पालापाचोळा हातानं बाजूला केला.

तिथं ते दिसलं. बुंध्यातून जमिनीलगत दोन वाटा फुटल्या होत्या. एक मनगटापेक्षा जाड, सरळ वर गेलेली, बांबू आणि काळा दोरा बांधलेली. दुसरी बोटाएवढी, गाठीच्या वरून निघालेली, सावलीत आडवी पडलेली, टोकाला थोडीशी पानं. खालांना ती इतके दिवस गवतातली काडी वाटली होती.

काकांनी सगळं सांगितलं. हळू सांगितलं, काही वगळलं नाही. दोन्हींची पानं त्यांच्या हातात दिली. खालांनी ती चुरगळून हुंगली, पुन्हा हुंगली. मासळीचा ताजेपणा वासावरून ओळखणारी बाई ती, फरक तिला लगेच कळला.

"पण तुम्हीच म्हणालात, भाऊ," त्या म्हणाल्या.

"म्हणालो. गडग्यावरून म्हणालो. आत येऊन बघितलं नाही."

खाला त्या आडव्या काडीकडं बघत राहिल्या. "म्हणजे माझ्या लेकाचं हे आहे. एवढंच."

"हे आहे. जिवंत आहे."

"आणि याला आंबा लागायला?"

काकांचा हात खिशाकडं गेला आणि तसाच परत आला. "मला नाही सांगता येत, भाभी. आता न बघता मी काही सांगणार नाही."

बंदराकडून मचव्याचं इंजिन ऐकू येत होतं. काकू खालांच्या शेजारी पायरीवर जाऊन बसल्या. मला वाटत होतं की खाला नको म्हणतील. त्या उंच झाडावर त्यांची कितीतरी वर्षं होती. रायवळ का असेना, त्याला कधीतरी आंबा लागलाच असता आणि तिकडं बसलेल्या मुलाला फरक काय कळणार होता.

खालांनी मला विचारलं, "बेटा, यंत्र चालू आहे का अजून?"

टेप फिरत होती. आम्ही आल्यापासून ती कुणी थांबवलीच नव्हती.

"चालू दे," त्या म्हणाल्या. "त्याला पण ऐकू दे. मी त्याला सांगितलंय कौलाला लागलं म्हणून. आता खरं काय तेही जाऊ दे." मग काकांकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही पण सांगा त्याला. तुमच्यावर त्याचा भरवसा आहे."

काका उठले, डोक्याचा पंचा काढला आणि टेपरेकॉर्डरपुढं अगदी ताठ उभे राहिले, जणू डेपोत मोठा साहेब आला आहे. घसा साफ केला. आपलं पद सांगितलं, निवृत्त हा शब्द विसरले नाहीत.

"तुझ्या कलमाची तपासणी मी केली," ते म्हणाले. "गाडीत न चढता केली. गाठीखालून फुटलेला रायवळ मी हापूस म्हणून पास केला. तुझ्या आईची यात चूक नाही, तिनं पाणी घातलं. चूक तपासणाऱ्याची आहे." थोडं थांबून म्हणाले, "आता तो काढतो. तुझं कलम लहान आहे. आहे मात्र."

एरवी काकूंनी त्या ताठ उभं राहण्याची चेष्टा केली असती. त्या दिवशी केली नाही.

काकांनी कोयती काढून खालांपुढं धरली. त्यांनी ती हातात घेतली, मुठीत तोलली आणि परत दिली. "तुम्ही कापा. मी माझं धरते." आणि त्या खाली बसून ती बोटाएवढी काडी दोन्ही तळव्यांत धरून राहिल्या, वरून फांदी पडताना तिला लागू नये म्हणून. काकांनी आधी वरचे फाटे कोयतीनं उतरवले. मी ते ओढून बाहेर काढले. मग घरून आणलेली करवत बुंध्याशी लावली. करवतीचा आवाज बराच वेळ चालला होता. खाला डोळे मिटून बसल्या होत्या. शेवटचा धागा तुटला आणि अंगणात एकदम इतकं ऊन पडलं की आम्ही सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले.

काकांनी कापलेल्या जागी शेण-माती लिंपली, तोच बांबू काढून लहान काडीशेजारी रोवला आणि तिला हलक्या हातानं उभी करून बांधली. खालांनी पडलेल्या बुंध्यावरचा काळा दोरा सोडवला आणि त्या काडीला बांधला. दोरा फार लांब झाला, म्हणून त्याला पुष्कळ वेढे द्यावे लागले.

मी काकांच्या खिशाकडं बघत होतो. त्यांनी पंच काढला नाही.

त्यानंतर ते रोज खालांच्या अंगणात जाऊ लागले, हाक मारून, उत्तर आल्यावर. बुंध्याशी वाकून बघत, खालून फुटलेले कोंब नखानं खुडत. फेब्रुवारीत त्या काडीला तांबूस पालवी आली. खालांनी मला बोलावून दाखवली. उन्हाळ्यात टांगलेल्या मडक्यातून थेंब थेंब पाणी सोडायची युक्ती काकूंनी काढली. दरम्यान मुलाची कॅसेट आली होती. तिच्यात त्यानं ओळखीच्यांची खुशाली विचारली होती, पैशापाण्याचं सांगितलं होतं. झाडाबद्दल एवढंच होतं की करवतीचा आवाज तो पुन्हा पुन्हा लावतो आणि खोलीतले सोबती विचारतात, हा कसला आवाज. येण्याबद्दल काहीच नव्हतं. खालांनी ती दोनदा लावून ऐकली आणि मग झाडाला पाणी घालायला गेल्या. काका तेव्हा पडवीतच होते. ते ऐकून ते पायरीवर बसले ते उठेचनात, काकूंना त्यांना हाताला धरून घरी न्यावं लागलं.

परीक्षा संपून मी गावी निघायच्या बेतात होतो तेव्हा तो मुलगा आला. आगाऊ कळवलं नव्हतं. सकाळी पाखाडीच्या पायऱ्यांवर मोठी बॅग घेऊन उतरताना मीच त्याला पाहिलं आणि कोण ते ओळखलं नाही. मग खालच्या अंगणातून खालांचा आवाज ऐकू आला, नाव घेऊन मारलेली एकच हाक, आणि पाखाडी जागी झाली.

आम्ही खाली गेलो तेव्हा तो कलमापाशी उकिडवा बसला होता. कलम त्याच्या खांद्यालाही लागत नव्हतं. त्यानं एक पान चुरगळलं, हुंगलं, आणि आईला म्हणाला, "आंबा लागायची वाट बघत तिकडंच बसलो असतो, तर हे गेलं असतं तरी मला कळलं नसतं." खाला त्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

काका आत आले नव्हते. इतके महिने रोज येणारा माणूस त्या दिवशी गडग्याबाहेर थांबला होता, पंचा हातात घेऊन.

मुलानं मान वर केली. "चेकरकाका, आत या," तो म्हणाला. "बाहेरून काय बघताय."

काका आत आले. त्याच्यासमोर उभे राहिले. मला वाटलं ते माफी मागतील. पण त्यांना एकच प्रश्न येत होता.

"कुठून बसलास?" त्यांनी विचारलं.

"दुबईहून मुंबईपर्यंत विमान," तो म्हणाला, "मग एस.टी.ची रातराणी, मग..."

"त्या गाड्या बदलल्यास. बसलास कुठून?"

मग त्यानं बोटानं दाखवलं, आपण बसलो होतो ती अंगणातली जागा, बुंध्यालगतची. "इथून," तो म्हणाला.

काकांनी मान हलवली. मग वाकले, पार खाली, गुडघे टेकून, गाठ बोटांनी चाचपली, गाठीखाली काही नाही ते बघितलं. आणि मग खिशातून पंच काढून त्या कलमाच्या सगळ्यांत खालच्या पानाला भोक पाडलं. आवाज नेहमीसारखाच आला.

मुलगा रजा संपल्यावर परत गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. येण्यासाठी त्यानं नंतर कधी आंब्याचं निमित्त धरलं नाही. मीही शिकून नोकरीला लागलो. कलमाला पहिला आंबा कधी आला ते मला नक्की माहीत नाही, मी तेव्हा तिथं नव्हतो. नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी मला विचारलं होतं, तुम्ही कुठले. माझ्या तोंडात हातखंबा आलं होतं. मी आमच्या वाडीचं नाव सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं, तेव्हा देवरूखपासून पुढं कसं जायचं, कुठं गाडी संपते आणि तिथून किती चालायचं, हे मी त्यांना समजावून सांगितलं.